चित्र उत्तम, आवाज विचाराधीन

थोरल्या भावाच्या पत्राला उलट टपाली उत्तर द्यायचं, असं कानामात्रांनी पाकीट फोडतानाच ठरवलं होतं. ते उत्तर अजून गेलेलं नव्हतं. पत्र टेबलावरच्या शब्दकोशाखाली पडून होतं आणि शब्दकोश उचलायची कानामात्रांना आता भीती वाटू लागली होती. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात शब्दकोशाखेरीज कशाचाच आधार घेतला नाही, त्याच्यावर ही वेळ यावी म्हणजे पाहा.

कानामात्रा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. त्यांची सगळी नोकरी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली. दुसऱ्याच्या मजकुरातले सुटलेले काने आणि घसरलेल्या मात्रा जागेवर बसवायच्या आणि स्वतः मात्र कुठेच दिसायचं नाही, हे काम त्यांच्या बुजऱ्या स्वभावाला इतकं मानवलं की निवृत्तीनंतरही ते थांबलं नाही. औषधाच्या बाटल्या, जिन्यातल्या सूचना, किराणा दुकानाची पाटी, काही म्हणून त्यांच्या तांबड्या पेनातून सुटत नसे. त्यावरून इमारतीने त्यांना हे नाव दिलं. ते त्यांच्या कानावर आलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं की लोक ते जोडून लिहितात की तोडून.

तर दादांचं पत्र. दादांनी विचारलं होतं की, तू घेतलेला तो स्वस्तातला डीव्हीडी प्लेअर कसा आहे? इथल्या दुकानात तोच ठेवलाय. चित्र कसं दिसतं आणि आवाज कसा येतो, तेवढं स्पष्ट कळव. तू घे म्हणालास तर घेतो, नको म्हणालास तर सोडून देतो.

हे वाक्य वाचून कानामात्रा खुर्चीत बसले, आणि आधीच बसलेले असल्यामुळे जरा जास्तच खोल बसले. दादांनी आजवर त्यांना कशाबद्दलही मत विचारलं नव्हतं. कुठल्या शाळेत जायचं, कुठली नोकरी धरायची, भांग कुठल्या बाजूला पाडायचा, हे सगळं दादांनी ठरवलं होतं आणि डोक्यावर आता भांग पाडण्याजोगं फारसं उरलं नसलं तरी उरलेले केस अजून दादांनी ठरवलेल्या बाजूलाच जात होते. आणि आज दादा म्हणत होते, तू म्हणशील तसं.

पत्रात दादांनी एका ठिकाणी 'आवज' लिहिलं होतं. कानामात्रांचा हात सवयीने तांबड्या पेनाकडे गेला आणि काना जागेवर बसला. मग त्यांना ओशाळल्यासारखं झालं. तरुणपणी एकदा त्यांनी दादांचं पत्र चुका दुरुस्त करून परत पाठवलं होतं, अगदी आदराने, समासात खुणा करून. त्यानंतर दादांनी लिहिणं सोडलं आणि दर रविवारी फोन करायला सुरुवात केली. तो फोन गेल्या वर्षी एकाएकी बंद झाला आणि पुन्हा पत्रं येऊ लागली. उतारवयात का होईना, दादांना लिखित शब्दाचं मोल कळलं, असं कानामात्रा सगळ्यांना सांगत. 

आता अशा दादांना काय कळवायचं? चित्र धुरकट दिसे, पांघरुणाआडून पाहिल्यासारखं. पण ते यंत्रामुळे की आपल्या चष्म्यामुळे? आवाज लांबून, गोधडीत गुंडाळल्यासारखा येई. पण मग चित्रपटातला शब्दन् शब्द आपल्याला कळतो तो कसा? यंत्राबरोबर कोर्टातल्या खटल्याची एक डिस्क फुकट आली होती. ती त्यांनी पुनःपुन्हा पाहिली होती आणि वकिलाची भाषणं त्यांना पाठ होती. त्यात भरपूर चुका होत्या, ही गोष्ट निराळी. खाली येणाऱ्या अक्षरांत 'न्यायाधीश' हा शब्द दर खेपेला ऱ्हस्व धि घेऊन येई, आणि शेवटी आरोपी सुटतो तो निर्दोष न सुटता 'निदोर्ष' सुटतो. एका निरपराध माणसाच्या डोक्यावरचा रफार असा शेजाऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसलेला पाहून कानामात्रांना दर वेळी खटला पुन्हा चालवावासा वाटे.

कुठेही दोष दिसला की तो आपल्यातच असणार, असं धरून चालायची त्यांना जन्माची सवय. बेल वाजलेली हल्ली कळत नाही, बायकोने हाक मारली की भिंतीकडे पाहिलं जातं, हे त्यांच्याही लक्षात आलं होतं. पण ती शंका त्यांनी शब्दकोशाखाली, दादांच्या पत्राच्याही खाली सरकवून ठेवली होती. आवाज वाईट म्हणून कळवलं आणि वाईट आपले कान निघाले, तर एका निरपराध यंत्राची बदनामी. चांगला म्हणून कळवलं आणि यंत्रच घोगरं निघालं, तर दादा पहिल्यांदा आपल्या शब्दावर विसंबले आणि तोंडघशी पडले. त्यांनी पाच-सहा मसुदे केले. सगळ्यात लांब मसुदा 'एकंदरीत पाहता बहुधा बरा म्हणता येईल असे वाटते' इथवर गेला. मग 'बरा' म्हणजे चांगला की जेमतेम, हे पाहायला त्यांनी शब्दकोश काढला. शब्दकोशाने दोन्ही अर्थ दिले.

शेवटी त्यांनी आयुष्यात कधी केली नव्हती ती गोष्ट केली. शेजाऱ्यांना विचारलं.

समोरच्या बिऱ्हाडात सोसायटीचे सेक्रेटरी राहत. वीज खात्यातून निवृत्त झालेले, आणि त्यामुळे तारेने चालणाऱ्या प्रत्येक वस्तूवर आणि न चालणाऱ्या बहुतेक विषयांवर त्यांचा अधिकार. इमारत त्यांना सर्वज्ञ म्हणे. 'मला ठाऊक नाही' हे वाक्य त्यांनी शाळेतही उच्चारलं नसावं. ते आले, चहा घेतला, यंत्र उचलून त्याचं वजन केलं आणि म्हणाले की हलकं आहे, हलक्या यंत्राचं चित्र हलकंच येणार. यंत्राचं तोंड त्यांनी दाराकडे फिरवलं, मग खिडकीकडे, मग विटेवर चढवलं. दर वेळी चित्र होतं तसंच दिसे आणि सर्वज्ञ म्हणत, बघा, फरक पडला.

वरच्या मजल्यावर एक गाण्याच्या बाई होत्या. त्या आवाजाबद्दल सांगायला न बोलावता आल्या. त्यांचं मत असं पडलं की यंत्राला खर्ज नाही, वरची पट्टी किरटी आहे, आणि मुख्य म्हणजे तुमच्या त्या वकिलाचं ओरडणं थेट माझ्या शिकवणीत येतं. माझ्या विद्यार्थिनी आता 'माय लॉर्ड' तालात म्हणतात. कानामात्रा मान डोलवत राहिले. एवढा लांबून येणारा आवाज वरच्या मजल्यावर कसा पोचतो, हे त्यांना कोडं वाटलं. आवाज वर जातो, उष्ण हवेसारखा, असं सर्वज्ञांनी सांगितलं.

अशा रीतीने एका मताच्या शोधात निघालेल्या माणसाजवळ आता मतांचा ढीग जमला आणि स्वतःचं मत होतं तेही त्याखाली गाडलं गेलं. त्यातच दादांचं दुसरं पत्र आलं, दोनच ओळींचं: 'उत्तर नाही. दुकानातली सवलत या शनिवारी संपते. तुझ्या शब्दासाठी थांबलो आहे.' शेवटचं वाक्य कानामात्रांनी दोनदा वाचलं. मग त्यांनी ठरवलं की ज्यांनी यंत्र बनवलं त्यांनाच विचारावं.

कंपनीचं दुरुस्ती केंद्र एका भल्या मोठ्या इमारतीच्या तळघरात होतं. तिथे रांग होती, रांगेला खुर्च्या होत्या आणि खुर्च्यांच्या टोकाला जाड काचेमागे एक मुलगी बसली होती. काचेला खाली एक फट होती. कागद सरकवायला ती पुरेशी होती, बोलण्याला नव्हती. कानामात्रांनी पत्ता लिहिलेलं हमीपत्र आत सरकवलं. मुलीचे ओठ हलले.

"तक्रार नाही माझी," कानामात्रा फटीपाशी वाकून म्हणाले. "मत आहे. म्हणजे, मत हवं आहे."

मुलीने वर पाहिलं. मताची खिडकी नाही, तक्रार चित्राची की आवाजाची, असं काहीसं ती म्हणाली असावी. कानामात्रांनी फक्त ओठ पाहिले. अशा वेळी काय करायचं याची त्यांनी अलीकडे एक पद्धत बसवली होती. न कळलेल्या प्रश्नाला ते 'हो' म्हणत. 'नाही' म्हटलं की लोक कारण विचारतात, 'हो' म्हटलं की पुढे जातात. त्यामुळे मुलीचे ओठ हलले, कानामात्रा हो म्हणाले. पुन्हा हलले, पुन्हा हो म्हणाले. तिसऱ्या वेळी तिच्या भुवया जरा वर गेल्या आणि तिने तोच प्रश्न पुन्हा विचारलेला दिसला. ती एवढ्या काळजीने विचारतेय हे पाहून कानामात्रांना बरं वाटलं आणि ते हसून म्हणाले, "हो, हो. अगदी."

मुलीने घाईघाईने काहीतरी टाईप केलं, पावती सरकवली आणि मागे वळून कुणाला तरी हाक मारली. इतकी आस्था आपल्याला एखाद्या कार्यालयात कधी मिळाली नव्हती, असं वाटून कानामात्रा प्रसन्न मनाने घरी आले.

घरी आल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि पावती वाचली. 'चित्र: दिसत नाही. आवाज: येत नाही. धुर: येतो.' त्यांनी पेन काढलं, धु दीर्घ केला, समाधानाने पेन मिटलं, आणि त्यानंतर वाक्याचा अर्थ त्यांच्यापर्यंत पोचला.

बायकोने पावती हातातून घेतली.

"धूर येतो म्हणालात तुम्ही?"

"मी म्हणालो नाही. मी हो म्हणालो."

तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि पावती शब्दकोशाखाली सरकवून ठेवली. तिथे आता बरीच गर्दी झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यातल्या फळ्यावर सर्वज्ञांच्या हातची सूचना लागली. कंपनीकडून सोसायटीला फोन आला होता: तुमच्या इमारतीत आमचं एक यंत्र धुमसतंय, तपासनीस येऊन पाहीपर्यंत ते लावू नये, आजूबाजूला पेट घेणारं काही ठेवू नये. सर्वज्ञांनी यातलं धुमसतंय एवढंच ठळक लिहिलं होतं, आणि तेही चुकीचं. कानामात्रा खाली उतरले, फळ्यासमोर उभे राहिले, आणि सूचना आपल्याविरुद्ध असूनही त्यांना ती दुरुस्त केल्यावाचून राहवलं नाही. नेमकं तेवढ्यात कुणीतरी जिन्यातून खाली आलं. पुढच्या तासाभरात इमारतभर पसरलं की कानामात्रांनी फळ्यावर स्वतःच्या हाताने कबुली दिली.

मग ज्याला त्याला वास येऊ लागला. तळमजल्यावरच्यांना तारेचा आला, वरच्यांना प्लास्टिकचा आला. गाण्याच्या बाईंना सुरुवातीपासूनच येत होता, पण शेजारधर्म म्हणून त्या बोलल्या नव्हत्या. सर्वज्ञांनी कानामात्रांच्या दाराशी वाळूची बादली आणून ठेवली. बादलीवर खडूने त्यांच्या बिऱ्हाडाचा क्रमांक घातला होता. ज्या माणसाने आयुष्यात कुणाला मोठ्याने दम भरला नाही, ज्याच्यावर छापखान्यातल्या मालकापासून शिपायापर्यंत कुणी कधी आवाज चढवला नाही, त्याच्या दाराशी वाळूची बादली. येणारे-जाणारे बादलीकडे पाहत, मग दाराकडे पाहत आणि पाय उचलून चालत. कानामात्रांनी त्या दोन दिवसांत दूध आणायलाही खाली पाय टाकला नाही. दादांना काय कळवायचं हा प्रश्न होता तिथेच होता, आणि शनिवार जवळ येत होता. आता तर एक नवीच धास्ती पडली. तपासनीस येणार, यंत्र लावणार, आणि ऐकू येतं का म्हणून सगळ्यांदेखत विचारणार. हो म्हणायची पद्धत तिथे कितपत चालेल, याची त्यांना खात्री नव्हती.

तपासनीस गुरुवारी आला. बारीक अंगाचा, हातात काळी पिशवी, आणि बोलणं असं की प्रत्येक शब्दाची पावती द्यावी लागत असावी. त्याच्यामागून सर्वज्ञ आले, कारण सेक्रेटरी या नात्याने ते यायलाच हवे होते, आणि बाई आल्या, कारण आवाजाचा प्रश्न होता. कानामात्रांची बायको दाराशी पदर खोचून उभी राहिली. सगळ्यांना बसायला खुर्च्या पुरेनात, तेव्हा सर्वज्ञांनी वाळूची बादली आत घेतली आणि तिच्यापाशी उभे राहिले.

तपासनिसाने यंत्र उघडलं, आतून पाहिलं, वास घेतला, बंद केलं.

"धूर नाही," तो म्हणाला आणि कागदावर लिहिलं.

"आत्ता नाही," सर्वज्ञ म्हणाले.

तपासनिसाने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तक्रार खोटी निघाली तर यंत्राची हमी रद्द होते, असं त्याने कानामात्रांना सांगितलं. कानामात्रा हो म्हणाले. बायकोने डोळे मिटून घेतले.

डिस्क लागली. खटला सुरू झाला. तपासनीस टीव्हीजवळ गेला, वाकला, पडद्यावर नख फिरवलं, आणि पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर माणसासारखं काहीतरी उमटलं.

"हा कागद काढला नाही?"

टीव्ही घेतला त्या दिवसापासून त्याच्या पडद्यावर दुकानातला पारदर्शक प्लास्टिकचा कागद जसाच्या तसा होता. बायकोने तो जिवापाड जपला होता. कडा उचकटू लागल्या की ती चिकटपट्टी लावी, आठवड्यातून दोनदा ओल्या फडक्याने पुसून काढी आणि पाहुण्यांना अभिमानाने सांगे की बघा, अजून नवाच्या नवा आहे.

"काढायचा नाही," ती म्हणाली. "पडद्याला ओरखडे पडतील."

"पडदा दिसतच नाही, ताई."

तिने पडद्याच्या कडेची चिकटपट्टी एकदा दाबून पाहिली. मग तिने तोंड फिरवलं, म्हणजे परवानगी दिली. तपासनिसाने एका टोकाला धरून कागद ओढला. तो कर्रकर्र करत निघाला असावा, कारण बाईंनी अंग चोरलं. आणि खोलीत एकदम कोर्ट भरलं. लाकडाचे रंग दिसले, वकिलाच्या काळ्या कोटावरची सुरकुती दिसली, आणि न्यायाधीशांना मिशा आहेत हे कानामात्रांना आज पहिल्यांदाच कळलं. त्यांच्या मनातून चष्म्याचं ओझं उतरलं. आपले डोळे शाबूत होते. दोष आपल्यात नव्हता, प्लास्टिकमध्ये होता. इतक्या दिवसांनी प्रथमच त्यांनी मान वर केली आणि सर्वज्ञांच्या नजरेला नजर दिली.

"मी म्हटलंच होतं," सर्वज्ञ म्हणाले. "यंत्र वजनदार आहे."

"चित्र उत्तम," तपासनीस लिहीत म्हणाला. "आता आवाज. सगळं कारखान्यातून आल्यासारखं करून घेतो, म्हणजे खरं काय ते कळेल."

त्याने रिमोटवरची दोन-तीन बटणं दाबली. यंत्र मिटलं, पुन्हा उजळलं, खटला पुन्हा सुरू झाला. वकील उठला, त्याने टेबलावर हात आपटला आणि तोंड उघडलं. कानामात्रांची नजर सवयीने खाली गेली. तिथे काहीच नव्हतं. ऱ्हस्व धि नव्हता, घसरलेला रफार नव्हता, एकही अक्षर नव्हतं. वकिलाचं तोंड उघडत होतं आणि मिटत होतं, काचेमागच्या मुलीसारखं.

"आवाज गेला," कानामात्रा म्हणाले.

हे त्यांनी मोठ्याने, स्वच्छ आणि ठामपणे सांगितलं. बहुधा नाही, एकंदरीत नाही, असे वाटते नाही. आयुष्यातलं ते त्यांचं पहिलं निखालस मत होतं. आपण शेवटी मत दिलं, याचा त्यांना क्षणभर आनंदसुद्धा झाला.

तपासनिसाचा अंगठा रिमोटवर तसाच राहिला. कानामात्रांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी दोन्ही तळहात कानांवर घट्ट दाबून धरले होते आणि त्यांचे डोळे बारीक झाले होते. खिडकीच्या तावदानाकडे पाहिलं, तर ते थरथरत होतं. वकील ओरडत होता. सगळी खोली, कदाचित सगळी इमारत त्याच्या ओरडण्याने भरली होती.

कानामात्रांना समजलं. कान या शब्दात एकच काना असतो, आणि तो गेला की काही उरत नाही, असं काहीतरी त्यांच्या मनात येऊन गेलं. इतके दिवस आपण ऐकत नव्हतो, वाचत होतो. त्यांचे कान लाल झाले. तेवढं काम कान अजून चोख करत होते.

बाईंनी हळूच हात खाली घेतले, जणू काही त्या केसच सारखे करत होत्या. बायको टीव्हीपाशी गेली आणि आवाज कमी केला. आणि सर्वज्ञ, ज्यांना कुठल्याही प्रसंगी तोंड बंद ठेवता आलं नव्हतं, ते वाळूच्या बादलीकडे बघत होते.

"सेक्रेटरी साहेब," तपासनीस म्हणाला, "तुम्हाला येत होता ना आवाज?"

सर्वज्ञांनी कानामात्रांकडे पाहिलं, मग बादलीकडे.

"मला," ते म्हणाले, "नक्की सांगता येणार नाही."

हे वाक्य त्यांना फार जड गेलं असावं, कारण ते बोलून झाल्यावर त्यांनी बादली उचलली आणि कुणाचा निरोप न घेता बाहेर नेली. ती पुन्हा दाराशी ठेवली नाही. जिन्याखाली नेऊन ओतली, असं नंतर कळलं.

तपासनीस कागदावर पेन धरून थांबला होता. काय लिहू, असं त्याने या वेळी तोंड समोर आणून, सावकाश विचारलं, आणि ते कानामात्रांना कळलं.

"विचाराधीन लिहा," ते म्हणाले. "धी दीर्घ."

तपासनिसाने दीर्घ धी काढला. हमीबद्दल तो काही बोलला नाही. पिशवी बंद करून तो बाईंच्या मागोमाग बाहेर पडला.

खोलीत दोघंच उरली तेव्हा बायकोने रिमोट उचलला आणि चष्मा न लावताच दोन बटणं दाबली. पडद्याखाली अक्षरं परत आली. न्यायाधिश म्हणाले, शांतता राखा.

"तुला येतं हे?" कानामात्रांनी विचारलं.

ती त्यांच्या समोर येऊन बसली. "अक्षरं मीच लावली होती. यंत्र आलं त्या दिवशी."

"मला वाटलं, सगळ्याच चित्रपटांना असतात."

"म्हटलं, चुका काढत बसाल, तर निदान गोष्ट तरी कळेल."

कानामात्रांनी पडद्यावरून नजर काढली. "तुला कधीपासून माहीत आहे?"

"चहा हवाय का विचारलं आणि तुम्ही शनिवारी म्हणालात, तेव्हापासून."

ते हसले. हसताना त्यांना दुसरंच काहीतरी आठवलं आणि हसू ओठांवरच राहिलं. दादांचे शेवटचे शेवटचे फोन. कानामात्रा काहीही सांगत, हवापाणी, दुखणीखुपणी, छापखाना मोडीत निघाल्याची बातमी, आणि पलीकडून दादा म्हणत, हो. छापखाना गेला, दादा. हो, हो. जन्मभर आपल्या प्रत्येक म्हणण्याला नाही म्हणणारे दादा आता सगळ्याला हो म्हणतात, वयाने माणूस किती मऊ होतो, असं वाटून कानामात्रांचं मन भरून आलं होतं. आणि मग फोन बंद झाला, पत्रं सुरू झाली.

त्यांनी शब्दकोश उचलला. खालचे सगळे कागद बाजूला केले आणि मसुदा न करता थेट लिहायला बसले.

'ती. दादास, कृ. सा. न. वि. वि. प्लेअर घे. चित्र उत्तम आहे. तुझ्या टीव्हीवर दुकानातला कागद राहिला असेल तर तो आधी काढ. आवजाचं मला विचारू नकोस. मला हल्ली ऐकू येत नाही, हे तुला आजच पहिल्यांदा सांगतो आहे. पण खाली अक्षरं लावता येतात आणि सगळं समजतं. ती कशी लावायची ते तुझ्या सुनेच्या हाती सोपवू नकोस, मी लिहून पाठवतो. अक्षरांत चुका आहेत, त्या वाचताना तू अडखळशील म्हणून त्याही कळवीन. आणि एक. फोन करू नकोस. पत्रच लिहीत जा. मला तेच सोयीचं पडतं.'

'मला' या शब्दाखाली रेघ मारावी की काय, असं त्यांना वाटलं. मग नको वाटलं. दादा हुशार होते.

शनिवारपर्यंत पोचायचं तर पत्र आजच पेटीत पडायला हवं होतं. पत्र पाकिटात घालून ते तसेच निघाले. बादलीच्या जागी वाळूचं एक गोल कडं तेवढं राहिलं होतं. त्यावरून, पाय न उचलता, कानामात्रा खाली उतरले. फळ्यावरची सूचना गेली होती, तिथे नळाच्या पाण्याची वेळ आली होती.

पेटीपाशी त्यांनी पाकीट चिकटवण्याआधी पत्र शेवटचं एकदा वाचायला बाहेर काढलं. ही सवय काही जाणार नव्हती. आणि मधल्या ओळीवर त्यांची नजर अडकली. 'आवजाचं मला विचारू नकोस.' काना राहिला होता. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचे काने जागेवर बसवले, त्याच्या हातून, स्वतःच्या अक्षरात, नेमका तोच.

त्यांचा हात खिशाकडे गेला. तांबड्या पेनाचं टोपण निघालं. मागे कुणीतरी पत्र टाकायला येऊन उभं राहिलं होतं आणि बहुधा काहीतरी म्हणत होतं.

कानामात्रांनी टोपण परत लावलं. पत्राची घडी घातली, पाकीट ओलं करून चिकटवलं आणि फटीतून आत सोडलं. मागच्या माणसाकडे वळून ते म्हणाले, "माफ करा, मला ऐकू येत नाही," आणि बाजूला झाले.

पाकीट तळाशी पडल्याचा आवाज झाला असावा.